पुलावरचा दम

दूध उतू जायच्या बेतात होतं आणि सासूसुनेचा वाद ऐन रंगात आला होता. वाद रोजचाच. सुनेचं म्हणणं, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावायची तर निदान अर्धा तास लावावी. सासूचं म्हणणं, अर्धा तास एका जागी बसायला मी काय फुलदाणी आहे?

"आई, डॉक्टरांनी ते तुम्हाला सांगितलंय, मला नाही."

"मग तू कशाला लक्षात ठेवतेस?"

"कारण कण्हता तुम्ही आणि ऐकते मी!"

सासूने मटारच्या शेंगांची परात पुढ्यात ओढली. सुनेने गॅस बंद केला आणि जिंकल्यासारखं तोंड करून कपबश्या मांडायला घेतल्या.

घराबाहेर ह्या सासूबाईंना कुणी सासूबाई म्हणत नसे. सगळ्या गावाची ती मास्तरीण. शाळेतली नव्हे, खेचरांची. डोंगरावरच्या वस्तीला गाडीरस्ता नाही. पीठमीठ, औषधं, खिडक्यांच्या काचा, सगळं खेचरांच्या पाठीवरून जातं. त्या वाटेवर आज चालणारी निम्मीअधिक खेचरं तिच्या हाताखाली शिकलेली होती. गुडघ्याने दगा दिला तेव्हा, म्हणजे वर्षभरापूर्वी, तिने दोर मुलाच्या हाती दिला आणि घरात बसली. बसली म्हणजे काय, मटार सोलत भांडत होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. एक नाही, लागोपाठ चारपाच, उघड्या तळहाताने.

दारात पोस्टमन. एरवी दोन बोटांनी टकटक करून "आहे का घरात कोणी शिकलेलं?" असं विचारणारा माणूस. आज टोपी नाही, पिशवी नाही, श्वास चढलेला.

"मास्तरीणबाई, चला. आत्याबाई पुलावर अडल्यात. मधोमध."

सुनेच्या हातातली बशी हातातच राहिली. "आणि हे?"

"तेही तिथेच. तिच्या पुढे, दोर धरून. पाऊण तास होऊन गेला."

आत्याबाई म्हणजे मुलाच्या तांड्यातलं सगळ्यात पुढे चालणारं खेचर. नाव मुलानेच ठेवलेलं. लग्नकार्यात एखादी आत्या मधेच रुसून बसते आणि मग सगळ्यांनी हातातली कामं टाकून तिची मनधरणी करायची, तसा हिचा स्वभाव. मास्तरीण मात्र तिला सरळ अगंतुगं करायची. तीन वर्षांची होती तेव्हापासून, चौदा वर्षं, तिने हिला वाढवली होती.

"ओझं काय आहे?" मास्तरणीने विचारलं.

"पत्रे. वरच्या शाळेच्या छपराचे. दोन्ही अंगांना बांधलेत."

मास्तरणीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाआठ. मग मांडीवरच्या शेंगा परातीत झटकून ती उठली. त्या खोऱ्यात नऊ-साडेनऊला वारा सुटतो, न चुकता. पाठीवर पिठाची पोती असती तर वाऱ्याने फार काही बिघडलं नसतं. पण पत्रे? वारा भरला की त्यांची शिडं होणार. चार फूट रुंदीच्या झुलत्या पुलावर दोन शिडं लावलेलं जनावर, आणि त्याच्या पुढ्यात तिचा एकुलता एक मुलगा.

"आई, गुडघा..." सून म्हणाली आणि स्वतःच थांबली. खाली वाकून तिने सासूच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, घट्ट, दुहेरी गाठ मारून. "मी येते बरोबर."

"तू घरी थांब. दोघींना बघून तो घाबरेल."

पोस्टमनच्या स्कूटरवर मागे बसून ती निघाली. उतारावर बेकरी गेली, लोहाराचं दुकान गेलं, शटर वर करणारा न्हावी हात वर करून बघत राहिला. पोस्टमनचं तोंड चालूच होतं. भीती वाटली की तो जास्त बोलतो.

"सगळं करून झालं हो. साखर दाखवली, गोड बोलला, शिव्या घातल्या. पुलाच्या मुकादमाने शिट्टी वाजवली तर तिने फक्त एक कान हलवला. मला वाटतं, आता फक्त लेखी अर्ज करायचा राहिलाय."

"मारलं का कुणी?"

"तुमचा मुलगा मारेल? तुमच्यासमोर उभं राहायचंय त्याला."

 स्कूटर जसजशी खाली उतरत होती तसतसे मास्तरणीचे तळवे गार पडत चालले होते. मुलाची काळजी होतीच. पण त्या काळजीखाली एक दुसरी, जुनी भीती होती आणि ती जगात तिच्याखेरीज कुणालाही माहीत नव्हती.

मास्तरणीला पुलाची भीती वाटायची.

तिच्या चौतिसाव्या वर्षी नवरा छातीच्या दुखण्याने गेला. मागे राहिलं सात वर्षांचं पोर आणि सात खेचरं. वाटेवरचे पुरुष म्हणाले, दोन महिन्यांत विकून टाकेल. तिने विकली नाहीत. कुणी शिकवणारं नव्हतं, म्हणून ती जनावरांकडेच बघत बसली. तासन्‌तास. तिच्या ध्यानात आलं, घोडा धाकाने चालतो, बैल सवयीने चालतो, पण खेचराला आधी पटावं लागतं. म्हणून ओझं चढवायच्या आधी ती ते जनावराच्या नाकाशी धरायची, हुंगू द्यायची. अवघड वळणावर ओढायची नाही. दोर सैल सोडून स्वतः वळणाकडे तोंड करून उभी राहायची, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागचे लोक बोंबलायचे. ती हलायची नाही. शेवटी खेचरच कंटाळून पुढे व्हायचं आणि त्याला वाटायचं, ही कल्पना आपलीच. असं शिकलेलं जनावर पुन्हा त्या वळणावर कधी अडत नसे. हळूहळू वाटेवरचे तेच पुरुष आपली हट्टी खेचरं तिच्या दाराशी आणून बांधू लागले.

पण पूल. पहिल्याच दिवशी तिने फळ्यांच्या फटीतून खाली पाहिलं आणि पाण्याऐवजी पूलच वाहतोय असं तिला वाटलं. पाय लाकडाचे झाले. मागे सहा जनावरं, काठावर बघे. परत फिरणं म्हणजे "विकेल" म्हणणारे खरे ठरले. तिने पुढच्या खेचराच्या खांद्यावर हात ठेवला, अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला, डोळे मिटले आणि मनात वीस अंक मोजले. मग दोन थापा मारल्या, "चल" म्हणाली आणि चालू लागली.

काठावर कुणीतरी विचारलं, मधे का थांबलात?

"जनावराला दम घेऊ द्यावा मधोमध," ती म्हणाली. "पुढे चढ लागतो."

बोलायला म्हणून बोललेलं वाक्य. पण ती मास्तरीण झाली तसा त्या वाक्याचा नियम झाला. चोवीस वर्षं त्या वाटेवरचा प्रत्येक माणूस पुलाच्या मध्यावर थांबून जनावराला दम देत आला. नव्याने कामाला लागणाऱ्याला पहिल्या दिवशी हेच सांगत. कुणी विचारलं नाही की साठ पावलं सपाट चाललेल्या खेचराला दम कशाचा लागतो.

दोन वर्षांपूर्वी पूल दुरुस्तीसाठी बंद झाला. तांडे खालच्या उथळ पाण्यातून, लांबच्या वाटेने जाऊ लागले. मास्तरीण निवृत्त झाली ती त्याच वाटेवरून. आणि आज सकाळी पूल पुन्हा उघडला होता.

काठावर मुकादम उभा होता. गळ्यात शिट्टी, हातात नोंदवही, चेहरा पांढराफटक. तांड्यातली बाकीची खेचरं खुंट्यांना बांधलेली. पुलावर एका वेळी एकच जनावर सोडायचं, हा त्याचा दंडक होता. एवढं एक बरं झालं होतं. नव्या फळ्या पिवळ्याधमक दिसत होत्या, दोन्ही बाजूंना छातीइतक्या उंचीवर लोखंडी दोर. आणि मधोमध, जिथे पूल सगळ्यात खाली झुकतो तिथे, आत्याबाई. चारही पाय ठाम रोवलेले, मान सरळ. घाबरलेली अजिबात नाही. घाबरलेलं खेचर शेपटी आवळतं. हिची मोकळी होती. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी ती उभी होती.

तिच्या पुढे मुलगा. आणि त्याच्या मनगटाला दोर गुंडाळलेला.

 मास्तरणीने त्याला हजारदा सांगितलं होतं. दोर हातात धरायचा, मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही. जनावर गेलं तर त्याच्याबरोबर माणूस जातो.

"दोर सोड मनगटाचा!" ती ओरडली. खाली नदी गर्जत होती. आवाज दहा पावलांवरही पोचला नसेल.

"मी म्हणतो, पत्रे कापून टाकू," मुकादम म्हणाला. "नदीत गेले तर गेले. सांगू काहीतरी वर."

"एक अंग कापलंत की दुसऱ्या अंगाच्या ओझ्याने ती कलंडेल. दोन्ही अंगं एकदम कापायला माणूस कुठे उभा करणार?"

मुकादमाने नोंदवही मिटली.

"मी जातो," पोस्टमन म्हणाला. "मागून जाऊन त्याला ओरडून सांगतो. काय सांगायचं तेवढं बोला."

 काय सांगायचं? मुलाने चूक काहीच केली नव्हती. नियमाप्रमाणे मधोमध थांबला असेल, दम दिला असेल, दोन थापा मारून "चल" म्हणाला असेल. जनावर का हललं नाही? मास्तरणीने डोळे मिटले आणि स्वतःला पुलावर उभं केलं. डावा हात खांद्यावर. भार. वीस. मग भार काढून... इथे ती अडखळली. थापा मारायला हात मोकळा हवा, म्हणजे आधी भार निघतो. थापा त्यानंतर, बोल तर त्याच्याही नंतर. आत्याबाईने थापा आणि बोल कधी ऐकलेच नव्हते. बारा वर्षं ती फक्त खांद्यावरून मास्तरणीचं वजन उतरायची वाट बघत होती. तोवर हलायचं नाही, हे ती शिकली होती, आणि ते तिला शिकवलं होतं एका भ्यालेल्या बाईच्या अंगाने. मुलगा उंच, निर्भय, पुलावर शीळ घालत चालणारा. तो तिच्यावर कधी रेललाच नव्हता. जे वजन पडलंच नाही, ते उतरणार कसं?

"तुम्ही नका जाऊ," ती पोस्टमनला म्हणाली. "मागून अनोळखी पाऊल आलं तर ती लाथ घालेल. मी जाते."

"अहो पण गुडघा..."

"गुडघ्याचं घरी एकदा ऐकून आलेय."

पहिली वीस पावलं तिने मुकादमाच्या घराच्या छपराकडे बघत टाकली. ते पलीकडच्या काठावर, हिरवं. फळ्या नव्या असल्यामुळे खालची फट बारीक होती, पण पाण्याचा आवाज फटीतून वर येऊन घोट्यांना धरत होता. तिसाव्या पावलाला गुडघ्यातून कळ गेली. तिने दोन्ही हातांनी लोखंडी दोर धरला. दोर गार आणि तेलकट होता. चाळीस. तिने जिभेने "च्च, च्च" केलं, खेचरांना पाणी दाखवताना करायची तसं. आत्याबाईचे दोन्ही कान एकदम मागे वळले.

"आई?" पत्र्यांच्या पलीकडून मुलाचा आवाज आला. "तू कशाला आलीस? वेड लागलंय का?"

"आधी मनगटाचा दोर सोड."

"अगं पण..."

"सोड म्हणते ना! मोठा झालास म्हणून इथे मारणार नाही असं समजू नकोस."

"सोडला," पलीकडून आवाज आला. मग ती आत्याबाईच्या मागच्या पायाशी आली. पत्र्यांचं ओझं खांद्यापर्यंत पोचत होतं. ओझं आणि लोखंडी दोर ह्यांच्यात उजव्या बाजूला वीतभरापेक्षा थोडी जास्त फट. आत शिरायचं तर आडवं होऊनच शिरायला हवं. आणि तोंड पत्र्याकडे करून चालणार नव्हतं. गुडघा त्या बाजूला वळत नव्हता. म्हणजे पाठ पत्र्याला आणि तोंड नदीकडे.

ती शिरली.

नदी तिच्या समोर होती, सगळीच्या सगळी. पांढरी, हिरवी, वेगाने पळणारी, आणि तिच्याबरोबर पूल उलट दिशेने पळायला लागला. मास्तरणीने टाच सरकवली. मग दुसरी. पाठीमागे पत्रा हलकेच थरथरला. वारा नव्हे अजून, वाऱ्याचा पहिला श्वास. आत्याबाईच्या पोटाची कातडी तेवढ्यापुरती आक्रसली.

"आई, वारा," मुलगा म्हणाला. आता त्याच्या आवाजात वैताग नव्हता.

"कळतंय. दोर सैल ठेव. तिच्या डोळ्यांत बघू नकोस. चालायचंय त्या बाजूला तोंड करून उभा राहा."

तो वळला. खांदा आला. केस ओले, गरम, धुळीच्या वासाचे. मास्तरणीने डावा हात ठेवला आणि अंग टाकून दिलं. सगळं. आत्याबाईने नाकातून लांब उसासा सोडला. हेच हवं होतं तिला.

एक, दोन, तीन. वीस झाले. आता हात काढायचा.

हात निघेना.

एवढी वर्षं वीस म्हटलं की अंग आपोआप सावरायचं, कारण पुढे चालताना ते खेचर बरोबर असायचं. आज ते पुढे जाणार होतं आणि ती ह्या फटीत एकटी उरणार होती. तिने पुन्हा मोजायला घेतलं. पत्रा खडखडला. ह्या वेळी जोरात. पूल एका अंगाला गेला आणि परत आला. आत्याबाईने एक खूर उचलला, तिथेच टेकला.

"आई, काय करतेस?"

"दम देतेय," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. पाठमोऱ्या मुलाच्या मानेवरचा घाम तिला दिसत होता. चौदा, पंधरा. विसाची वाट न बघता तिने अंग मागे ओढलं, दोन्ही हातांनी लोखंडी दोर धरला आणि पोट त्याला चिकटवलं.

आत्याबाई चालू लागली. जणू मधे काही झालंच नव्हतं. पत्र्याची कड मास्तरणीच्या पाठीवरून घासत गेली, स्वेटरचा धागा ओढून नेला, आणि मग पाठीमागे काहीच उरलं नाही. फळ्यांवर खुरांचा ठेका लांब लांब गेला. चढ. काठ. मग मुलाची आरोळी, आणि ह्या काठावरून मुकादमाची शिट्टी, लांबलचक, उगाचच.

वारा आला तो त्यानंतर जेमतेम दोन मिनिटांनी.

मुलाने पलीकडे जनावर बांधलं, वळून हात हलवला. ये. मास्तरणीने हात हलवला नाही. तिचे दोन्ही हात दोरावर होते आणि ते तिचे राहिले नव्हते. त्याने पुन्हा हात हलवला. मग तो थांबला, बघत राहिला, आणि पुलावर परत आला. धावत नाही, पूल हलू नये म्हणून पाय टेकवत, हळू.

"आई, गुडघा धरला का? पाठीवर घेऊ?"

"गुडघ्याला काही झालेलं नाही."

"मग?"

"भीती वाटते मला."

त्याला कळलं नाही. "झालं ना आता सगळं. गेली ती."

"आजची नाही रे. पहिल्या दिवसापासून. इथेच पाय थांबायचे माझे. जनावराला दम वगैरे काही लागत नाही. मी तिच्यावर रेलून उभी राहायचे, म्हणून ती तशी शिकली. म्हणून आज तू अडकलास."

 वाऱ्याने त्याचा शर्ट फुगला होता. "म्हणजे चोवीस वर्षं सगळी वाट मधोमध थांबते, ती..."

"हो. हसायचं तर काठावर जाऊन हस."

"मी हसत नाहीये." तो खरंच हसत नव्हता. "मला का नाही सांगितलंस?"

"तू सात वर्षांचा होतास. नंतर तू मोठा झालास, आणि मी मास्तरीण झाले होते."

पूल डोलला. तिने डोळे मिटले. मुलाने हात पुढे केला. तिने मान हलवली. दोर सोडून दुसऱ्याचा हात धरणं आत्ता तिला जमणार नव्हतं. दोराला धरून, एकेक पाऊल, तेवढं कदाचित जमेल.

"एक काम कर माझं," ती म्हणाली. "तू माझ्यापुढे चाल. सावकाश. मागे वळून बघू नकोस. आणि काठ येईपर्यंत काहीतरी बोलत राहा."